पट्टीवरची बदली

हेमराज धरणगावचा. बारा वर्षं दुसऱ्यांचे लाईट वाहून खांदे झिजले, तेव्हा कुठे एका मालिकेत तो लाईटचा प्रमुख झाला. पडद्यावर आता त्याचं नाव येणार होतं. शूटिंग अमळनेरच्या एका बंद तेलगिरणीत. सकाळी निघताना त्याने बायकोला, ज्योतीला, सांगितलं होतं, "संध्याकायले येसू. पेढा आनसू."

दृश्य रात्रीचं, पण वेळ भरदुपारची. खिडक्यांना काळं कापड ठोकून आत रात्र केलेली. बाहेर डोकं फुटेल असं ऊन, आत सरकीच्या तेलाचा जुना खवट वास. नटी व्हॅनच्या गारव्यात. आणि रिकाम्या जागेवर उजेड बसवता येत नाही. जमिनीवर पट्टी चिकटवायची, तिच्यावर नटीच्या उंचीचं कोणीतरी उभं करायचं, ही या धंद्याची रीतच आहे.

कोपऱ्यात पोत्यावर एक म्हातारी बाई बसली होती. रखवालदाराची कोणी असेल, असं हेमराजला वाटलं.

"अक्का, तठे पट्टीवर उभं राहा ना जराखं. पन दुसरं मानूस येत नही तोपावत हालानं नही बरं!"

बाई हसली. "माले म्हाईत शे, भाऊ."

त्याने दोन लाईट लावले. भिंतीवर सावली पडेना. लाईट खाली घेतले, बाजूला सरकवले. तरी नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण दिव्यासमोरच्या माणसाला सावली नाही, हे कुठलं? उन्हाने डोळे गेले की काय, म्हणून त्याने ते चोळले.

"भाऊ..." बाई हळूच म्हणाली. "कवयनी उभी शे... मनी जागावर कोन येई?"

हेमराजला लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाला आपण कधीचं ताटकळत ठेवलं.

"तुम्ही बसा, अक्का. मी उभा राहस."

तो पट्टीवर उभा राहिला. बाई चालत लाईटपाशी गेली, आणि भिंतीवर तिच्या चांगल्या दोन सावल्या पडल्या. हेमराजने मागे वळून आपली शोधली. नव्हती. पाय उचलायला गेला... उचलेना.

एवढ्यात कॅमेरामन नवल आत आला आणि थेट त्या बाईपाशी गेला.

"हेमराज, उजेड झकास बसवलास. पण जागा बदलली रे. नटी आता दाराशी उभी राहणार. तिकडे वळव सगळं."

"नवलभाऊ! मी अठे शे... अठे!"

नवलने मानसुद्धा वळवली नाही. बाईने हेमराजचे हातमोजे चढवले आणि सवयीच्या हाताने लाईट दाराकडे फिरवले. पट्टीवर अंधार झाला. आता इथे कोण येणार होतं?

पेटीवर ठेवलेला त्याचा फोन वाजला. बाईने तो उचलला.

"हां, ज्योती," ती हेमराजच्या आवाजात म्हणाली. "येसू ना संध्याकायले. पेढा आनसू."

आणि इतक्या लांबून, अंधारात, हेमराजला ज्योतीचं हसू स्वच्छ ऐकू आलं.