फुलाबाईचं आवतण

जोयडा तालुक्यात लग्नाची कॅसेट करायची तर रामनगरच्या पुंडलिककडेच, हे ठरलेलं. बस स्टँडासमोर त्याचं दुकान, आत दोन व्हीसीआर, एक टीव्ही आणि बेळगावहून आणलेला कॅमेरा. गडी हुशार, त्यात वादच नाही. पण हुशार माणसाची खोडही त्याला होती. मशीनबरोबर आलेलं पुस्तक म्हणून कधी उघडायचं नाही!

लग्नाच्या कॅसेटमध्ये मूळ आवाज ठेवायचा नाही, ही तेव्हाची पद्धत. भांड्यांची आदळआपट आणि पोरांची रडारड कुणाला हवी? हळदीला सिनेमातलं गाणं, अक्षतांना सनई, पाठवणीला रडकं काहीतरी. त्याच्या मशीनमध्ये आवाजाच्या दोन पट्ट्या होत्या, एक नॉर्मल, एक हायफाय. आधी सगळं जसंच्या तसं उतरवून मग डबिंगचं बटण दाबलं असतं, तर गाणी नॉर्मलवर चढली असती आणि हायफायवर अंगणातला आवाज शाबूत राहिला असता. पण त्याला तीन तास जास्त लागायचे. पुंडलिक उतरवतानाच कॅमेऱ्याची आवाजाची वायर उपटायचा, टेपरेकॉर्डरची खुपसायचा, की झालं काम. दोन्ही पट्ट्यांवर गाणीच गाणी. कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला परत वापरायची.

पंचाण्णव सालच्या एप्रिलात अणशीची देवकी दुकानात आली. तीन वर्षांपूर्वी तिच्या लग्नाचं शूटिंग पुंडलिकनंच केलं होतं. तिच्या हातात तीच कॅसेट होती.

"अण्णा, ह्यातला आईचा आवाज काढून द्या की."

तिची आई फुलाबाई गेल्या पावसाळ्यात गेली होती. त्या घराण्याची एक रीत होती. मांडवाच्या खांबाला हळद लावताना घरातली थोरली बाई गेलेल्या माणसांची नावं गाण्यात घेऊन त्यांना लग्नाला बोलवायची. नावं कोणती आणि कुठल्या क्रमानं, हे एकट्या फुलाबाईला ठाऊक. देवकीला शिकवायचं राहून गेलं होतं.

"आठ दिसांनी परशूचं लगीन हाय," देवकी म्हणाली. परशू तिचा धाकटा भाऊ. "नावं घेतल्याबिगर कोण यायचं न्हाई. आईसुदिक यायची न्हाई. परशू खुळ्यागत एकच इचारतोय, आई येणार न्हवं?"

पुंडलिकला तिथंच सांगता आलं असतं की बाई, तो आवाज मीच पुसलाय. जिभेवर आलंही होतं. पण तिचं तोंड बघून तो म्हणाला, "काढून देतो. बुधवारी ये."

ती गेल्यावर त्यानं पहिल्यांदा ते पुस्तक उघडलं आणि आपण काय करून बसलोय ते त्याला कळलं. एका वायरीचं काम! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तरी मंगळवारी दुपारी त्यानं कॅसेट लावली. बटण नॉर्मलवर, सिनेमाचं गाणं. हायफायवर, तेच गाणं. दोन्ही एकत्र वाजवणारं तिसरं ठिकाण होतं, मिक्स. त्यानं उगीच बटण तिकडं सरकवलं.

गाणं थांबलं.

आधी कोंबड्या ऐकू आल्या. मग कुणीतरी हंडा खाली ठेवला. मग खांबाजवळ उभ्या फुलाबाईचा घोगरा आवाज आला.

"झिलूबाबा, मांडवाक ये."

भोवतीच्या घरच्या बायकांनी तेच मागून म्हणायचं होतं. पडद्यावर त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. फुलाबाई थांबली. पुन्हा म्हणाली, "झिलूबाबा, मांडवाक ये." पुन्हा थांबली.

वायर सैल असेल, म्हणून पुंडलिकनं मागं हात घालून सगळ्या वायरी चाचपल्या. घट्ट होत्या. पडद्यावर हळद संपली, अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती बसल्या. आवाज मात्र झिलूबाबावरच. थकलेला, पण हट्टी.

ती वाट बघत होती.

पुंडलिकनं दाराकडं बघितलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. तो हळूच म्हणाला, "झिलूबाबा, मांडवाक ये."

"लखूबाबा, मांडवाक ये," आवाज लगेच पुढं गेला.

तो मागून म्हणत गेला आणि कागदावर लिहीत गेला. पारूबाय. लाडूबाबा. एकूण सात नावं झाली. आठव्याला आवाज जरा अडखळला.

"फुलाबाय, मांडवाक ये."

तेही तो म्हणाला. मग मशीनमधून पुन्हा सिनेमाचं गाणं सुरू झालं.

बुधवारी देवकी आली, तेव्हा मिक्सवर गाण्याशिवाय काही नव्हतं. त्यानं दहा वेळा बटण इकडचं तिकडं केलं. शेवटी त्यानं वायरीचं सगळं कबूल केलं, काल काय झालं तेही सांगितलं आणि तिच्या हातात कागद दिला. देवकीनं सावकाश एकेक नाव वाचलं. शेवटच्या नावावर तिनं बोट ठेवलं. तिचे डोळे भरून आले.

"आईच हाय. दुसऱ्या कुणाला हे ठाऊक न्हाई." मग तिनं वर बघितलं. "मागनं कुणी म्हटलं?"

"मी."

देवकीनं कागदावरचं बोट काढून घेतलं.

"जो मागनं म्हणतो, आवतण त्येच्या घरचं असतंय, अण्णा. वरसातनं एकदाच देता येतंय."

"मला म्हाईत न्हवतं गं."

"व्हय. तुमाला कसं म्हाईत असणार?"

ती रागावली नाही, हेच त्याला जास्त लागलं. "मी येतो शूटिंगला, सगळं नीट करतो," असं तो काहीतरी बडबडला. "नको," देवकी म्हणाली आणि कागद तिथंच ठेवून जोयड्याच्या बसकडं गेली.

असलं काही मनावर घेणारा तो माणूस नव्हता. तरी परशूच्या लग्नादिवशी त्याचं कामात लक्ष लागेना. दुपारी मुहूर्ताच्या सुमाराला तो दुकान बंद करून घरी आला. त्याची बायको कमल चुलीवर मोठं पातेलं चढवत होती.

"सांगायचं तरी आधी," ती करवादली. "आठ जणं जेवाय येणार म्हणून! पडवीत बसवलंय, पाणी दिलंय."

पुंडलिक पडवीत आला. सतरंजी अंथरलेली होती. तिच्यावर ओळीनं आठ तांबे, काठोकाठ भरलेले. माणूस कोणी नव्हतं.

आतून कमलचा आवाज आला.

"अवो, त्या म्हातारीला जरा सांगा की. मगाधरनं सारखी इचारतीया, माझा परशू कुठं हाय म्हणून."

पुंडलिक सतरंजीकडं बघत उभा राहिला.

"ऐकताय न्हवं? आता रडाय लागलीया बगा ती."