दोनशे बारानंतरची नऊ मिनिटं

हवेत आवाज सेकंदाला सुमारे तीनशे चाळीस मीटर जातो.

*

फाटकावरची पाटी : 'मनोऱ्याखाली उभे राहू नये.' वीजकेंद्र बंद होऊन चौदा वर्षं झाली. पाटी काढायचा अधिकार कोणाचा, हे अजून ठरलेलं नाही.

*

वसईच्या ब्लेझ तुस्कानोने एका सुरासाठी आपल्या बासूनच्या तोंडाशी बसवायच्या सोळा रीड, वेताच्या पात्या, तासून फेकून दिल्या. सतरावी ठेवली.

*

"चूक ओलांडून पुढे जायचं नाही. पायात काटा असताना चालतो का आपण?" हे वाद्यवृंदाचे संचालक कौस्तुभ गद्रे, दर तालमीत.

*

वृत्तपत्रातलं परीक्षण : 'पुढे जाता न येणं हेच आपल्या काळाचं संगीत आहे, हे सांगायचं धैर्य ऋजुता खांडके यांनी दाखवलं.'

*

ऋजुता खांडके सत्तावन्न वर्षांची होती. तोवर तिच्या वाट्याला पाच-सहा वादकांपेक्षा मोठा संच कधी आला नव्हता. मग एक पुरस्कार लाभला, त्यात तिला चौसष्ट वादक मिळाले, बंद वीजकेंद्राचा शीतक मनोरा मिळाला, आणि प्रयोग मात्र एकच. तिची रचना वीस मिनिटांची होती. पहिली अकरा मिनिटं सगळे तुटक वाजवतात, कोणीच कोणाला भेटत नाही. दोनशे बाराव्या बारात, म्हणजे तालाच्या कप्प्यात, बासून हे खर्जातलं वाद्य एकटंच आपल्या पट्टीच्या अगदी वर जाऊन एक बारीक सूर धरतं. दोनशे तेराव्या बारात त्या सुरावर चौसष्ट जण पहिल्यांदा एकत्र येतात, आणि पुढची नऊ मिनिटं सुटत नाहीत.

ही नऊ मिनिटं एकदा ऐकायची, एवढंच तिला हवं होतं.

वादक पोकळ मनोऱ्याच्या आत, कडेने गोलाकार बसणार होते. एका टोकापासून समोरचं टोक एकशे दोन मीटर.

"समोरचा वाजवतो ते मला कधी ऐकू येणार?" पहिल्या दिवशी गद्रेंनी विचारलं.

"तीनशे मिलिसेकंदांनी," नाझनीन मोमीन म्हणाली. यंत्रणा तिची होती. "तेवढ्यात तुमचा ताल फुटलेला असेल, सर."

"मग वायरीने पाठव. वायरीला काय लागतंय?"

"वायरीला काहीच नाही लागत. पण माझं यंत्र प्रत्येक सूर ताणतं, चिरतं, दुसऱ्यात मिसळतं, मग नव्वद स्पीकरवर फेकतं. त्यात पुन्हा तेवढाच वेळ जातो. म्हणून हा पूर्वश्रवक. वादकाचा श्वास, ओठ, बोटं पाहून तो पुढच्या तीनशे मिलिसेकंदांत काय वाजवणार, हे यंत्र आधीच ओळखतं. ते सगळ्यांच्या इअरफोनमध्ये वेळेवर पोचतं. तुमच्या मनगटाचंही तसंच. ठोका प्रत्येकाच्या स्टँडवरच्या दिव्यात दिसेल."

"आणि ओळखायला चुकलं तर?"

"तालमी ऐकून शिकतं. जितक्या तालमी, तितकं पक्कं."

"माझ्या अर्ध्या वादकांपेक्षा बरंय मग," गद्रे म्हणाले. अर्धे वादक हसले.

पहिल्याच तालमीत दोनशे बाराव्या बारात तुस्कानोचा सूर फाटला. गद्रे थांबले. "परत. एकशे शहाण्णवपासून." पुन्हा फाटला. "परत." मनोऱ्यातल्या सहाही तालमी अशाच गेल्या. पुढची नऊ मिनिटं गद्रेंनी गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये बसवली. तिथे सगळे जवळजवळ बसले होते, यंत्राची गरज नव्हती. ती उत्तम बसली.

"कौस्तुभ, मनोऱ्यात एकदा तरी न थांबता जाऊ या," ऋजुता म्हणाली.

"न थांबता? मग ती तालीम कसली ताई, ती विनाथांबा एसटी झाली. प्रयोगात मी कधी थांबलोय का? आपोआप जोडलं जाईल."

"सर, दोनशे बारा-तेराचा तो सांधा यंत्राने ऐकलेलाच नाही," नाझनीन म्हणाली.

"तू तुझं यंत्र बघ, बाळ."

ऋजुताने दोघांचंही ऐकलं. तिलाही तो सूर निर्मळच हवा होता. तिने गद्रेंना पुन्हा एकशे शहाण्णवपासून घेऊ दिलं.

प्रयोगाला नऊशे लोक आले. ऋजुता नाझनीनच्या शेजारी, नियंत्रण टेबलापाशी बसली. अकरा मिनिटं तिने मनात धरली होती तशीच वाजली, काही ठिकाणी त्याहून चांगली. मग दोनशे बारावा बार आला. तुस्कानोचा सूर लागला, अगदी स्वच्छ. आणि दोनशे तेरावा बार यायच्या तीनशे मिलिसेकंद आधीच चौसष्ट जणांच्या कानांत शांतता पसरली. दिवे विझले. गद्रेंच्या कानातही तीच शांतता होती. त्यांचा हात खाली आला.

सगळ्यांनी वाद्यं उतरवली.

"काय झालं?" ऋजुता कुजबुजली.

नाझनीनच्या पडद्यावर आकडा होता : खात्री नव्याण्णव टक्के. "यंत्राला वाटलं आपण थांबणार. आणि आपण थांबलो. त्याच्या लेखी अंदाज बरोबर आला."

चार सेकंद गेले. गद्रे तालमीत तेवढेच थांबत. मग कानांमध्ये एकशे शहाण्णवावा बार सुरू झाला, दिवे लागले, आणि चौसष्ट हात आपसूक वर गेले.

"बंद कर ते!"

"बंद केलं तर सगळे तीनशे मिलिसेकंदांनी फुटतील, ताई. चौसष्ट तुकडे होतील. सांगा, करू? बटण हे आहे."

ऋजुताचा हात बटणावर होता. "थांब. या वेळी जातील पुढे."

गेले नाहीत. दोनशे बारा, शांतता, एकशे शहाण्णव. तिसऱ्यांदा ती पुन्हा म्हणाली, "या वेळी जातील." चौथ्या शांततेत कोणीतरी टाळी वाजवली. मग नऊशे लोक उभे राहिले. गद्रे गोंधळून वळले आणि सवयीने कमरेत वाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये ऋजुता, गद्रे, नाझनीन आणि तुस्कानो असे चौघे बसले. नाझनीनने तालमींची सगळी ध्वनिमुद्रणं लावली.

"मनोऱ्यात आपण दोनशे बाराला एकोणतीस वेळा थांबलो. पहिल्या दहा वेळा सूर फाटलाय. पुढच्या एकोणीस वेळा बरोबर आहे."

गद्रेंनी मान हलवली. "शक्य नाही. मला फाटका ऐकू आला होता."

"तुम्ही सुराच्या आधीच हात खाली आणताय, सर. हे बघा, मनगटाची नोंद. सूर लागायच्या आधी."

मग ब्लेझ तुस्कानो ऋजुताला म्हणाला, "मला ठाऊक होतं, बाई. सर थांबणारच. म्हणून मी श्वासही तेवढाच घ्यायचो. कालसुद्धा तेवढाच घेतला. पुढे गेलो असतो तरी दोनशे तेराला माझ्यात हवा नव्हती."

"मग बोलला का नाहीस?" गद्रे ओरडले.

"सोळा रीड फेकल्या सर तुमच्यापायी. बोलायचं काय राहिलं?"

दुपारी आयोजकांकडून दौऱ्याचं निमंत्रण आलं. तीन शहरं, हेच वादक, हेच यंत्र. सोबत नम्र विनंती : 'स्वरलिपीत दोनशे तेरापासून पुढे काही जादा पानं आढळली. छपाईची चूक असावी. ती गाळावीत का?'

"शिकलेलं सगळं पुसून टाक," ऋजुता नाझनीनला म्हणाली. "नव्याने शिकव."

"यंत्राचं आजच पुसते. एका मिनिटाचं काम." नाझनीनने हॉलमध्ये जमू लागलेल्या वादकांकडे पाहिलं. "यांचं कसं पुसू? यंत्र पुन्हा यांचाच श्वास पाहून शिकणार. आणि आता तर यांना त्या जागी टाळ्या मिळाल्यात."

गद्रेंनी तालमीसाठी छडी उचलली. "एकदा बघू या की. दोनशे बारापासून सरळ पुढे."

तुस्कानोने सूर लावला. निर्मळ होता. गद्रेंचा हात वरच होता, खाली आला नाही. त्रेसष्ट जणांनी वाद्यं उतरवली.

कोणाच्याच कानात इअरफोन नव्हता.

ऋजुताने निमंत्रणाखाली सही केली. गाळावीत का, या प्रश्नासमोर तिने 'हो' लिहिलं.

दोनशे तेरापासून शेवटपर्यंतचा भाग तिने सगळ्यांत आधी लिहिला होता, चौतीस वर्षांपूर्वी, जळगावात, दोन दिवसांत.