बर्फखोलीतल्या पाच काड्या

खोटं बोलून मला काय मत मागायचंय? गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपार. आमचा स्वतःचा बर्फाचा कारखाना. मी तिथंच उभी होते.

आमच्याकडे फोनला रेंज नाही. गच्चीवर एक काडी, तीही उपकार केल्यासारखी.

त्या दुपारी धाकटी सून धावत आली.

"आई, बर्फखोलीत पाचही काड्या!"

जावई तेव्हा कारखान्यातच आले होते. मोबाईलच्या टॉवरवर चढून दुरुस्ती करायचे. त्यांचा चेहरा उतरला.

"असं होणार नाही, आई. टॉवर डोंगराआड. त्यात ही खोली चारी बाजूंनी लोखंडाची. लोखंडातून रेंज आत येत नाही."

"म्हणजे माझी सून खोटारडी?"

"तसं नाही. पण दार लावूनही पूर्ण रेंज म्हणजे..."

"बोला की! का बायकोला विचारून बोलता?"

"म्हणजे रेंज सोडणारं जे काही आहे, ते आतच आहे."

ते फोन घेऊन आत गेले. दार ओढून घेतलं. मी दाराला कान लावला.

"इथं दोन काड्या," ते आतून ओरडले. "कोपऱ्याकडे तीन..."

मग पावलांचा आवाज थांबला.

"आई, मी जागेवर थांबलोय."

"मग?"

"काड्या वाढतायत..."

धप्प!

बर्फाची लादी फोडल्यासारखा आवाज. पुन्हा. पुन्हा.

पण लादी किंचाळत नाही.

दार उघडेना. कडी नाही, कुलूप नाही, तरी उघडेना. दोन गड्यांनी घण घालून बिजागऱ्या तोडल्या.

जावई लाद्यांवर पडलेले. जबडा एका बाजूला, दोन्ही हात उलटे वळलेले, कान कातड्याला लोंबत होता. रक्त छतापर्यंत उडालेलं.

आत दुसरं कुणी नव्हतं.

त्यांच्या फोनवर... एकही काडी नव्हती.

डॉक्टर म्हणाले, पाय घसरला असेल. मी म्हटलं, "घसरून कान उपटून निघतो होय? आधी तुम्ही घसरून दाखवा."

जावई वाचले. लेकीचं कुंकू राहिलं. ते आता आमच्याकडेच असतात. बोलत नाहीत.

काल दुपारी ते आतल्या खोलीत झोपले होते. मी स्वयंपाकघरात. ओट्यावर माझा फोन.

दोन काड्या.

आमच्या घरात?

लेकीला हाक मारली, "जावई उठले का गं?"

"नाही आई. घोरतायत."

तीन...

दारात कुणी नव्हतं.

चार...

आयुष्यात कुणाला भ्याले नाही मी. सासूलासुद्धा नाही.

फोन पालथा घातला. अजून तसाच आहे.