मनगटावरची झोप

तलावातून होडी पुन्हा रिकामीच परत आली. काठावर बसलेल्या माणसाने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

तो शाळेची बस चालवायचा. तलावामागे दिसणाऱ्या मोठ्या इस्पितळात त्याची मुलगी शस्त्रक्रिया शिकत होती. डॉक्टर झालीच होती, पण पुढचं शिक्षण म्हणजे इस्पितळातच राहायचं, तिथेच राबायचं. अंगापिंडाने लहान, म्हणून सगळे तिला बारकी म्हणत. परवा दुपारपासून बारकीचा पत्ता नव्हता. फोन बंद होता. मागे कधीतरी याच तलावात एक शिकाऊ डॉक्टर सापडला होता, त्यामुळे ज्याला विचारावं तो तलावाकडेच बोट दाखवत होता.

शोध घेणाऱ्या फौजदारबाईंना एकच गोष्ट खटकत होती. बारकीबरोबर तिची स्कूटरही गायब होती, आणि काठावर स्कूटर नव्हती. सकाळीच त्यांनी इस्पितळात सांगून टाकलं होतं की तलावात काही मिळालं नाही, तर दुपारपासून गावाबाहेरचे सगळे रस्ते धुंडाळायचे.

होडी काठाला लागते न लागते तोच त्यांचा फोन वाजला. पलीकडे माई होत्या.

"शोध थांबवा," माई म्हणाल्या. "पोर जिवंत आहे. तिची नाडी दिसतेय मला."

माई म्हणजे इस्पितळातल्या पिकल्या केसांच्या प्राध्यापक. शिकाऊ डॉक्टर कसे शिकतात, किती झोपतात, कशाने मोडून पडतात, यावर त्यांचं संशोधन चाले. पोरांना जेवलात का म्हणून विचारणारी त्या इमारतीतली ती एकच बाई. त्यांच्याच खटपटीने इस्पितळात कामाचं नवं, हलकं वेळापत्रक सुरू झालं होतं. प्रत्येक शिकाऊ डॉक्टरच्या मनगटाला एक पट्टा होता. तो झोप मोजायचा, नाडी मोजायचा. पोरं नीट झोपतात असं सिद्ध झालं, की तेच वेळापत्रक सगळ्या इस्पितळांना लागू होणार होतं.

माईंच्या खोलीत पडद्यावर एक हिरवी रेघ हलत होती. खाली बारकीचा क्रमांक. रेघ उंचावत होती, खाली येत होती, अगदी संथ. वडिलांनी पुढे होऊन त्या रेघेवर बोट ठेवलं आणि काढेनात.

"थकून कुठेतरी निजली असेल हो," माई त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "उगाच रस्ते धुंडाळून तिचा बोभाटा नको. अंगात ते जाड निळं जर्किन आहे, गारठा बाधायचा नाही तिला. येईल आपणहून."

फौजदारबाईंनी विचारलं, "पट्टा कुठे आहे ते कळतं का?"

"नाही. फक्त नाडी आणि झोप."

"तुम्हाला ती शेवटची कधी भेटली?"

"गेल्या आठवड्यात. नेहमीच्या मुलाखतीला."

फौजदारबाईंनी मागच्या नोंदी दाखवायला सांगितल्या. बारकी रोज रात्री शांत झोपली होती, नाहीशी व्हायच्या आदल्या रात्रीसुद्धा. अंधार पडल्यावर लवकर झोप, उजाडायच्या आत जाग. अगदी शहाण्या मुलीसारखं.

बारकीचे सर, म्हणजे तिला शिकवणारे सर्जन, इतके तापट होते की नर्सबाई त्यांना वळसा घालून जात. त्यांनी काहीच लपवलं नाही.

"आदल्या रात्रभर माझ्यासमोर टेबलाशी उभी होती," ते म्हणाले. "उजाडताना तिचे डोळे मिटायला लागले. मी ओरडलो. बाहेर काढलं तिला."

"म्हणजे नवं वेळापत्रक?"

"कागदावर आहे. फुटलेलं आतडं घेऊन माणूस आला तर त्याला वेळापत्रक दाखवू? मी तसाच शिकलो, हीही तशीच शिकेल."

"आणि माईंचा अभ्यास?"

"फसला तर मला आनंदच आहे. पहिल्या दिवसापासून मी विरोधात आहे. सगळ्या इस्पितळाला ठाऊक आहे."

बारकीच्या खोलीतली मैत्रीण दारातच उभी राहिली. बसले तर झोप लागेल, म्हणाली. परवा सकाळी सरांनी हाकलल्यावर बारकीला वॉर्डात जुंपलं होतं, ती दुपारी खोलीवर आली. रडून रडून डोळे सुजलेले. तिचा स्वेटर रक्ताने माखला होता, म्हणून मैत्रिणीने नुकतंच घरून आलेलं स्वतःचं निळं जर्किन तिला दिलं. त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. जर्किन चढवून बारकी लगेच निघाली. कुठे ते बोलली नाही. एवढं एक काम उरकते आणि मग मेल्यासारखी झोपते, इतकंच म्हणाली.

"पट्टा होता हातात?"

मैत्रिणीने हात पाठीमागे नेला. तिचंही मनगट उघडंच होतं.

"तो पट्टा घरी घातला तरी चालतो का?"

"नाही. मजल्यांवर यंत्रं बसवलीत, ती नोंद उचलतात. इमारतीबाहेर गेलं की काही उमटत नाही."

मागे उभ्या असलेल्या वडिलांनी एवढंच ऐकलं की बारकी इमारतीतच आहे. ते धावतच सुटले. कपड्यांच्या खोल्या, सामानाच्या खोल्या, गच्चीवरच्या टाक्यांमागची जागा, दिसेल ते दार उघडत ते मुलीला हाका मारत होते. शिपाई त्यांना आवरायला गेला. फौजदारबाईंनी त्याला थांबवलं.

त्यांच्या डोक्यात ती शहाणी झोप घोळत होती. इमारतीत असं वेळेवर कोण झोपतं? दिवे मालवले की झोपणारं, आणि ताप मोजायला नर्स आली की जागं होणारं?

त्या जिना उतरून बायकांच्या वॉर्डात गेल्या आणि एकेका खाटेवरचं पांघरूण सारत निघाल्या. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या म्हातारीच्या मनगटावर पट्टा सापडला. मागे बारकीचा क्रमांक होता.

"त्या लहानखुऱ्या पोरीने बांधला," म्हातारी म्हणाली. "बरेच दिवस झाले. बांधताना माफ करा म्हणत होती. मी म्हटलं, एवढ्याशाने मला काय होतंय?"

शेजारच्या तिन्ही खाटांवर तसेच पट्टे होते.

वडील तोवर दारात पोचले होते. त्यांनी म्हातारीचं मनगट पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. सकाळपासून ज्या नाडीवर ते तग धरून होते, ती त्यांच्या मुलीची नव्हतीच.

फौजदारबाईंनी सर्जनना आणि मैत्रिणीला माईंच्या खोलीत बोलावून घेतलं. वडील सांगून ऐकण्यातले नव्हते, तेही आले. दार लावून फौजदारबाई उभ्याउभ्याच बोलू लागल्या.

"बारकी रात्रभर जागत होती आणि तिच्या नावावर कुणी दुसरंच झोपत होतं. पट्टे रुग्णांना बांधले होते. पोरांनी हे आपल्या मनाने केलं नाही. ज्यांना झोप मिळत नाही, ते झोप मिळते असं का दाखवतील? त्यांना कुणीतरी सांगितलं. अशा कुणीतरी, जिचा शब्द त्यांना मोडवत नाही."

सर्जन काहीतरी बोलणार होते. फौजदारबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"सर, आधी माझा तुमच्यावरच संशय होता. पण अभ्यास फसावा म्हणून तुम्ही टपून बसलेले. पोरं झोपत नाहीत हे उघड झालं असतं तर तुम्हीच जिंकला असतात. चांगली झोप दिसायला हवी होती ती एकाच माणसाला."

माई पडद्याकडे पाहत होत्या.

"माई, ती गेल्या आठवड्यात भेटली म्हणालात. मग निळ्या जर्किनचं तुम्हाला कसं कळलं? ते परवा दुपारी पहिल्यांदाच तिच्या अंगावर चढलं. खोलीवरून ती तुमच्याकडे आली. तिथून तिला तुम्हीच कुठेतरी पाठवलंत. मी रस्त्यांचं नाव काढेपर्यंत तुम्ही गप्प होतात. काढलं, आणि तुम्हाला नाडी सापडली. ती नाडी कुणाची, हे माहीत असूनही ती तुम्ही या बापाला दाखवलीत. कुठला रस्ता, माई?"

माईंनी पडदा बंद केला.

"टेकडीपलीकडचं आरोग्य केंद्र," माई अखेर म्हणाल्या. आमचे दोन शिकाऊ डॉक्टर तिथे कामाला आहेत, त्यांचे पट्टे इथे आणून बांधायचे होते, हेही त्यांनीच सांगितलं. बारकी नको म्हणत होती. मला हे खोटं आता झेपत नाही, म्हणाली. एवढं शेवटचं कर म्हणून माईंनीच तिला गळ घातली.

"सर कुणाला झोपू देत नव्हते," माई म्हणाल्या. "खरे आकडे गेले असते तर वेळापत्रक निकामी म्हणून सगळं गुंडाळलं असतं. तलावातलं ते पोर माझ्याच हाताखाली शिकलेलं. पुन्हा तसं होऊ द्यायचं नव्हतं मला."

"ती पोचली नाही, हे कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. केंद्रातून फोन आला. वाटलं, चिडून घरी गेली असेल."

"आणि काल, ती घरीही नाही हे कळल्यावर?"

वडील माईंकडे नुसते पाहत होते. हात उगारायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

टेकडीच्या वळणावर, मोरीच्या खाली, रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी स्कूटर उलटली होती. शेजारी निळं जर्किन. वडील दगडांवरून घसरत सगळ्यांच्या आधी खाली पोचले. बारकीचा पाय गाडीखाली चिरडला होता, ओठ काळे पडले होते. श्वास मात्र चालू होता.

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर सर्जननी हात धुता धुता मदतीला मैत्रिणीला हाक मारली. ती निघाली. वडील तिच्या आडवे आले.

"बाळ, तू कधीपासून जागी आहेस?"

ती आठवू लागली. तिला आठवेना.

"ही नको," वडील सर्जनना म्हणाले. "माझ्या मुलीला हात लावायला झोप झालेलं माणूस द्या."

सर्जननी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "दुसरं कुणी नाही," ते म्हणाले. या वेळी आवाज चढला नव्हता. वडील बाजूला झाले.

बारकी वाचली. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. माईंना अटक झाली. अभ्यास खोटा ठरला, त्याबरोबर नवं वेळापत्रकही रद्द झालं, आणि पुढच्याच आठवड्यापासून पोरं पुन्हा जुन्या तासांवर रुजू झाली.

जबाब घ्यायला फौजदारबाई गेल्या, तेव्हा बारकी उशीला टेकून बसली होती. वडील तिला चमच्याने पाणी पाजत होते. अपघात कसा झाला, समोरून काही आलं का, ब्रेक लागला नाही का, फौजदारबाईंनी हळूहळू सगळं विचारलं.

"पडल्याचं काही आठवत नाही," बारकी म्हणाली. "डोळे मिटले, तेव्हा फार बरं वाटलं. तेवढंच आठवतं."