मुगाएवढा उंचवटा

“पुष्कर, डबा सरळ धर! शंकरपाळ्यांचा चुरा झाला तर आई आपला चुरा करेल!”

“मग तू धर ना! मी दहा वर्षांचा आहे, हमाल नाही!”

अपूर्वा आणि पुष्कर या भावंडांचं हे भांडण जिन्यातच सुरू झालं होतं. मागून अस्मिता हसत येत होती. ती त्यांची पुण्याची आतेबहीण. मे महिन्याच्या सुट्टीत ती मामाकडे आली होती, ओसाकाजवळच्या साकाई गावात. जपानातही सलग सुट्ट्यांचा आठवडा होता आणि घराघरांवर रंगीत कापडी मासे वाऱ्यावर फुगत होते.

“आजोबांकडे खरी बंदूक आहे ना? चकमकीची?” अस्मिताने विचारलं. “गार आपटली, ठिणगी उडाली की धडाम!”

“इथे गार नाही गं, तोडा! पेटती दोरी लावायची,” तेरा वर्षांच्या अपूर्वाने मोठेपणाने सांगितलं. “शिओमी-आजोबा म्हणतात, गार आपटली की बंदूक दचकते आणि नेम हलतो. आणि त्यांच्याकडे दारू-बिरू काही नसते. ते नुसता दस्ता करतात, लाकडाचा.”

साकाईत एके काळी गल्लोगल्ली बंदुका बनत. आता जुन्या बंदुकांचे दस्ते घडवणारे त्या भागात एकटे शिओमी-आजोबाच उरले होते. वय अठ्ठ्याहत्तर, बोलणं थोडकं. मुलं त्यांच्याशी जपानीत बोलत आणि अपूर्वा अस्मिताला मराठीत सांगत जाई. पण आज कारखान्याचं दार सरकवल्यावर तिघंही दारातच थबकली. आजोबांच्या पटाश्या आणि रंधे एका निळ्या कापडात गुंडाळून दोरीने करकचून बांधलेले होते. बाहेर होती ती फक्त एक पटाशी.

“आजोबा, कुठे गावाला चाललात?” पुष्करने विचारलं.

“नाही. उद्या सकाळी एक शेवटचं काम, मग ही हत्यारं देऊन टाकणार.” त्यांनी बाकावरचा लांबलचक दस्ता दाखवला. “हिवाळाभर खपून केला. मार्चमध्ये नळी बसत होती, मग दस्त्यावर शेवटचा हात फिरवला. काल नळी बसवायला गेलो तर बसेना! माझे हात संपले. उद्या इथलं लाकूड तासतो आणि कशीतरी बसवून देतो.”

अपूर्वाला वाईट वाटलं. या बंदुकीची गोष्ट तिला माहीत होती, ती तिने अस्मिताला हळूच सांगितली. २०११ साली मोठा भूकंप झाला आणि समुद्र गावात शिरला, तेव्हा उत्तरेकडच्या ओनोदेरा-आजींचं अख्खं घर वाहून गेलं. नंतर चिखलात सापडली ती त्यांच्या पणजोबांच्या बंदुकीची लोखंडी नळी. लाकूड गेलं होतं. गेल्या वर्षी त्यांनी ती नळी नवा दस्ता करायला आजोबांकडे सोपवली आणि परवा, पाच तारखेला, त्या स्वतः बंदूक बघायला येणार होत्या.

“मग तासू देऊ नका ना त्यांना!” अस्मिता म्हणाली. “इतकं गुळगुळीत केलंय!” नळी बसायची ती दस्त्यातली लांब पन्हळ ती बोटाने चाचपत होती. मध्येच तिचं बोट थांबलं. “अपू, इथे काहीतरी आहे. मुगाएवढा उंचवटा! आजोबा, हा खडबडीत कसा राहिला?”

अपूर्वाने विचारलं तसे आजोबा जरा हसले. “तो राहिला नाही, ठेवलाय! मी नळीला काजळी फासून पन्हळीत दाबतो. जिथे काळं उमटेल तिथे तासतो. पुन्हा फासायची, पुन्हा दाबायची. शेकडो वेळा! शेवटी लाकूड नळीसारखंच होतं. त्या नळीला खालून गंजाचा एक खळगा आहे, समुद्राच्या पाण्याने पडलेला. तिथे काळं उमटलंच नाही, म्हणून तेवढं लाकूड तसंच राहिलं.”

पुष्करने बाकावरची नळी उलटी केली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं आणि डोळे मोठे केले.

“आजोबा, पण हिला खळगा नाहीये!”

“असं कसं होईल?” आजोबांनी नळी ओढून घेतली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून ते सगळं बोटांनीच बघत. बोटं एकदा गेली, परत आली, पुन्हा गेली. “नाही,” ते पुटपुटले. “काल बसली नाही तशी मी ती बाजूला ठेवून दिली. पुन्हा हात लावावासाच वाटला नाही.”

जुन्या बंदुकीबरोबर तिचं नोंदणीपत्र ठेवावंच लागतं. ओनोदेरा-आजींनी नव्याने काढलेलं ते पत्र अपूर्वाने मागून घेतलं. त्यावर नळीची लांबी लिहिली होती सत्तर पूर्णांक दोन सेंटिमीटर. पट्टीने मोजली तर भरली सत्तर पूर्णांक आठ!

“म्हणजे तुमचे हात संपलेले नाहीत!” पुष्कर ओरडला. “नळीच दुसरी आहे!”

आजोबांना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांचा चेहरा आणखीच उतरला. “हात संपले असते तरी चाललं असतं रे,” ते म्हणाले. “दुसऱ्याची ठेव हरवली. त्या बाईंना परवा काय सांगू?”

अस्मिताने बाहेर ठेवलेली पटाशी उचलली आणि हत्यारांच्या गाठोड्यावर नेऊन ठेवली. “परवापर्यंत लाकडाला हात लावायचा नाही, असं सांग त्यांना,” ती म्हणाली.

मग चौकशी सुरू झाली. नळी या घरातून एकदाच बाहेर गेली होती. मार्चमध्ये गावातल्या हौशी बंदूकपथकाने मैदानावर जुन्या बंदुकांचे बार काढून दाखवले, त्या दिवशी, नवा दस्ता बार सोसतो का ते बघायला. आजोबांना डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं, म्हणून ती बंदूक नेली आणि आणली होती...

“बाबांनी!” अपूर्वा आणि पुष्कर एकदमच म्हणाले.

बाबा, म्हणजे रणजित, पथकाच्या कामात हौसेने मदत करत. आत्ता ते सुट्टीच्या दिवशीही लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते.

“बाबा, मार्चमध्ये बार झाल्यावर नळ्या कोणी धुतल्या?”

“मीच! सहाच्या सहा! दस्त्यातून काढायच्या, उकळतं पाणी ओतायचं, पुसायचं, तेल लावायचं. आमचे प्रमुख हिगाशी-सान म्हणाले, फार छान धुता!”

“आणि कुठली कोणाची ते कसं ओळखलंत?”

“चौघांनी आपापल्या उचलल्या. दोन उरल्या. इकडे नळीच्या पिशव्याही दोनच, एक लांब, एक आखूड. मग काय? लांब पिशवीत लांब नळी, आखूड पिशवीत आखूड! साधं लॉजिक!”

“बाबा!” अपूर्वाने कपाळावर हात मारला. “आजोबांची पिशवी त्यांच्या बायकोने जुन्या किमोनोच्या पट्ट्यातून शिवलीय! इतकं सुंदर कापड कापवेना, म्हणून वरून दोन घड्या घालतात!”

आई, म्हणजे शैलजा, स्वयंपाकघरातून डोकावली. “पुष्करचा युनिफॉर्म आपण दोन नंबर मोठा घेतलाय. तुमच्या लॉजिकने तो कोणाचा? तुमचा का?”

बाबांनी लॅपटॉप मिटला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दुसरी पिशवी पथकाचे प्रमुख हिगाशी-सान, म्हणजे हिगाशीसाहेब, यांची होती. बाबांनी लगेच फोन लावला, चार वेळा वाकून बोलले आणि हिरमुसून फोन ठेवला.

“ते म्हणतात, तीस वर्षं बंदुका जमवतोय. माझ्या अकराही बंदुका जागच्या जागी आहेत. अदलाबदल शक्यच नाही! आता प्रमुखांना मी कसं म्हणू की तुमचं चुकलंय?”

“तुम्ही काहीच म्हणू नका, मामा,” अस्मिता शांतपणे म्हणाली. “फक्त सांगा, पुण्याहून भाची आलीय आणि तिला त्यांचा संग्रह बघायचाय.”

संग्रह बघायला कोणी येतंय म्हटल्यावर हिगाशी-सान खूश! दुसऱ्या दिवशी चौघं ट्रामने त्यांच्या सायकलच्या दुकानी पोहोचले. वरच्या मजल्यावर कुलपाच्या कपाटात अकरा बंदुका ओळीने उभ्या होत्या. त्यांत एक चकमकीचीही निघाली! अस्मिता ती गार डोळे भरून बघत राहिली, पण कामही विसरली नाही. तिने अपूर्वाला कोपर मारलं.

“हिगाशी-सान, एक खेळ खेळू या?” अपूर्वाने विचारलं. “नोंदणीपत्रं पत्त्यांसारखी पिसायची. आम्ही नळ्या मोजतो आणि कुठलं पत्र कुठल्या बंदुकीचं ते ओळखतो!”

“ओळखा, ओळखा! सगळ्या मिलिमीटरला बरोबर आहेत!” हिगाशी-सान ऐटीत म्हणाले.

एक जुळली, दोन जुळल्या, दहा जुळल्या. दर वेळी हिगाशी-सान टाळी वाजवत होते. अकराव्या पत्रावर होतं सत्तर पूर्णांक आठ. पट्टी म्हणत होती सत्तर पूर्णांक दोन.

“पट्टी जुनी आहे,” हिगाशी-सान म्हणाले.

“दहा वेळा नवी होती!” पुष्कर मराठीत पुटपुटला. बाबांनी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण पुष्करचं लक्ष भलतीकडेच होतं. “हिगाशी-सान, बंदुकीत वर्तमानपत्र का घातलंय?”

खरंच! नळी आणि लाकूड यांच्या फटीतून कागदाची कड दिसत होती. हिगाशी-सानांचे कान लाल झाले.

“ही मार्चमध्येच घेतली. धुऊन आणल्यावर नळी जरा खडखडायला लागली. म्हटलं, सवडीने शिओमी-सानांना दाखवू. तोवर कागद खुपसला आणि ठेवली. अकरा बंदुका म्हणजे...” त्यांनी नळी दस्त्यात अडकवणाऱ्या बांबूच्या खुंट्या काढल्या आणि नळी अलगद उचलली. पुष्करने खालून बोट फिरवलं.

“मूग!” तो किंचाळला. “म्हणजे मुगाचा खळगा! हीच ती!”

हिगाशी-सान आधी नळीकडे बघत राहिले, मग मुलांसमोर कमरेतून वाकले. “मी जमवत गेलो आणि बघायचं विसरलो,” ते म्हणाले. नोंदणीपत्र आणि रिकामा दस्ता बरोबर घेऊन ही नळी पोचवायला आणि आपली आणायला ते स्वतः बाबांबरोबर शिओमी-आजोबांकडे निघाले.

पाच तारखेला ओनोदेरा-आजी आल्या. लहानखुऱ्या, काठी टेकत, एवढ्या लांबून आगगाडीने आलेल्या. आजोबांनी त्यांच्यासमोर दस्ता आडवा ठेवला, नळी पन्हळीत ठेवली आणि दोन अंगठ्यांनी दाबली. टप्! लाकडाने नळी धरली. कुठे केसाएवढी फट नाही. बांबूच्या खुंट्या नुसत्या बोटाने आत गेल्या.

आजोबांनी काहीही लपवलं नाही. नळी बदलली होती, ती मुलांनी शोधली, सगळं सांगितलं. बाबा मान खाली घालून शेजारीच बसले होते. ओनोदेरा-आजी बराच वेळ नळीवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांनी तिन्ही मुलांना जवळ बोलावलं.

“आमच्या घरातून ही एवढीच समुद्राकडून परत आली होती,” त्या म्हणाल्या. “तुमच्यामुळे ती दुसऱ्यांदा परत आली.” अपूर्वाने ते मराठीत सांगितलं आणि अस्मिताने आजींचा हात धरला.

“मोठ्या माणसाचं न ऐकता लाकडाचं ऐकलंत, हे फार चांगलं केलंत,” शिओमी-आजोबा मुलांना म्हणाले. हिगाशी-सान तर मुलांचं कौतुक करताना थांबेचनात. पुढच्या वेळी नळ्या कोण धुणार यावरही चर्चा झाली. बाबाच धुणार, पण आधी प्रत्येक नळीला नावाची चिठ्ठी बांधणार आणि चिठ्ठी अपूर्वा तपासणार, असं ठरलं.

सगळे शंकरपाळ्या खायला बसले. आजोबांनी मात्र ते निळं गाठोडं अस्मितासमोर ठेवलं.

“एवढी गाठ सोड बघू. मला दिसत नाही आणि बांधली मात्र फार घट्ट.”

“कशाला, आजोबा? तुम्ही तर हत्यारं देऊन टाकणार होता ना?” पुष्करने मुद्दामच विचारलं.

“हिगाशी-सानांच्या अकराव्या बंदुकीला नवा दस्ता हवाय. त्यांचा दस्ता त्यांच्याच नळीला ढिला आहे, काल रात्री बसवून पाहिली मी. किती दिवस वर्तमानपत्र खुपसणार?” आजोबा म्हणाले. “डोळ्यांचं ऑपरेशन जूनमध्ये आहे. आणि हात तर अजून चांगले आहेत म्हणे!”

गाठ खरोखरच घट्ट होती. ती सोडवायला अस्मिताला नखं आणि दात दोन्ही लागले.