वल्ह्याचा अडसर

भाटघरच्या पाण्याकाठी रखमाजी नावाड्याची नाव तीन पावसाळे पालथी पडून होती. रखमाजी पुरात गेला, प्रेत मिळालं नाही. नाव तेवढी पैलतीराला लागली. शेवटी त्याच्या बायकोनं, फुलाबाईनं, कोंडिबा सुताराला सांगावा धाडला. "भावजी, लाकूड सागाचं हाय, कुजाया नगं. माझ्या घराला त्याचं दार करा."

कोंडिबा नाही कसा म्हणणार? त्या दिवशी पैलतीरावरून हाक मारणारा तोच होता. काय ती घरी यायची घाई! धोतर गुडघ्यापर्यंत धरून, पाण्यात उभा राहून ओरडला, "नाव आणाऽऽ!" नाव आली ती रिकामी. मग हा भला माणूस लांबचा वळसा घालून गुपचूप घरी आला आणि तोंड शिवून बसला.

काम मात्र त्यानं जीव ओतून केलं. एक खिळा वाया घालवला नाही, वाकडे झालेले ठोकून सरळ केले. तळाच्या फळ्यांचं दार केलं, उरलेल्यांची गव्हाण केली, वल्ह्याचा अडसर केला. एकच गोष्ट खटकली. तीन उन्हाळे तापलेलं लाकूड, पण खिळा उपटला की भोकातून पाणी ठिबकायचं. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही.

दिवस कलताना दार बसलं. फुलाबाईनं ते आतून लावून पाहिलं, वल्हं आडवं घातलं आणि हसली. बिचारी किती दिवसांनी हसली होती!

"बसा भावजी, च्या ठिवते." चुलीत फुंकर घालत ती म्हणाली, "त्या दिशी पान्यात जाऊ नगा म्हनलं म्या. तर हे म्हनले, हाक आली, जायाच पायजे. कुनी मारली व्हती कुनास ठावं."

"वैनी..." कोंडिबानं तोंड उघडलं. सांगून मोकळं व्हावं असं त्याला फार वाटलं.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. लांबून, पाण्यावरून यावी तशी.

"नाव आणाऽऽ..."

फुलाबाईनं दाराकडं नाही, कोंडिबाकडं पाहिलं. "भावजी... ह्यो तर तुमचा आवाज."

"व्हय." कोंडिबाला रडू कोसळलं. "मीच व्हतो, वैनी. माझंच पाप."

 ती उठून दाराशी गेली.

"उघडू नगा... पाया पडतो तुमच्या."

"हाक आल्यावर हे कवा घरात ऱ्हायले व्हते?" ती शांतपणे म्हणाली. तिनं वल्हं काढून भिंतीला टेकवलं आणि दार उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. कोरड्या अंगणात ओली पावलं उमटली होती, उंबऱ्यापासून थेट पाण्यापर्यंत गेलेली. फुलाबाईनं वळून पाहिलं. भिंतीला टेकवलेलं वल्हं जागेवर नव्हतं.

आणि कोंडिबा, घराच्या मधोमध, दोन्ही हातांनी धोतर गुडघ्यापर्यंत धरून उभा होता. धोतराचा काठ ओलाचिंब होता.