चौथं कारण

शुक्रवारच्या बैठकीत मी कावा, म्हणजे मुळांचं गुंगी आणणारं पेय, कालवून वाढायला बसले आणि तीन जण उठून चालते झाले. तिघेही माझे चुलतभाऊ. आमच्या टोंगा बेटांवर बहिणीसमोर चावटपणा चालत नाही, आणि वाढणाऱ्या मुलीला चिडवल्याशिवाय पुरुषांना कावा गोड लागत नाही. माझ्या शेजारचा मात्र जागचा हलला नाही... फेलेती, शाळेतला गणिताचा मास्तर.

"तुम्ही नाही उठलात?"

"हिशेब केला," तो म्हणाला. "चार पिढ्या मागे गेलो. आपण नात्यात नाही."

सगळे खो खो हसले. मी त्याची करवंटी भरली, जरा जास्तच.

त्यानंतरचे सगळे शुक्रवार माझे होते. पत्र्यावर पाऊस वाजायचा, करवंटी देताना बोटाला बोट लागायचं, आणि घरी जाताना मी एकटीच हसायचे.

"मास्तर, मी सुंदर आहे की नाही?"

"पुरावा कमी पडतोय. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तपासू."

मग ऑकलंडच्या मोसेसेचं स्थळ आलं. आईला शनिवारी उत्तर हवं होतं. मी भर बैठकीत विचारलं, "मास्तर, तुम्हीच सांगा... होकार देऊ?"

मला फक्त एक 'नको' हवं होतं.

त्याने करवंटी खाली ठेवली आणि बोटांवर मोजलं. मुलगा निर्व्यसनी. तिथे तुला नर्सिंग शिकता येईल. आईच्या डोळ्यांवर उपचार होतील. "तीन कारणं बाजूने. विरुद्ध एकही नाही, सेइनी."

किती शांत आवाज होता मेल्याचा! शनिवारी मी होकार दिला. रविवारी चर्चमध्ये लग्न जाहीर झालं.

शुक्रवारी तो सगळ्यांच्या आधी आला. "चौथं कारण होतं," खाली बघत पुटपुटला. "विरुद्ध बाजूचं. तू गेलीस तर मी... पण ते नुसतं माझं वाटणं. ते कसं मोजायचं?"

"आणि ते न मोजताच माझं आयुष्य सोडवून टाकलंस?"

"सेइनी, अजूनही मला—"

भयंकर राग आला. तरी मी करवंटी भरून त्याच्यापुढे धरली.

"पी आणि ऊठ, दादा. बहिणीसमोर असलं बोलत नाहीत."

तो उठला. दारापर्यंत गेला. आणि मी मूर्ख, तोवर वाट बघत होते... की वळेल आणि म्हणेल, आपण नात्यात नाही.

तो वळला नाही.